अंड्यांची शाळा

आमच्या केंद्रात अंड्यांची शाळा भरते. हसू नका. शाळा म्हणजे शाळा, रोज सकाळी सात ते अकरा. तिथली शिपाई मी, घंटा मी आणि हजेरीही मीच घेते. विद्यार्थी कवचाच्या आत, त्यामुळं दंगा नाही, डबा नाही, पालकांची कटकट नाही. एवढी गुणी पोरं कुठल्या मास्तराच्या नशिबात असतील?

माझं नाव कौतिका बिभीषण पवार. सोलापूरच्या उत्तरेला गवताचा जो माळ उरलाय, त्याच्या कडेला माळढोकाची अंडी उबवायचं केंद्र आहे. तिथं मी दोन हजार एकतीस सालापासून, म्हणजे बारा वर्षं काम करते. यंत्रं सांभाळते, पिल्लांना टोळ भरवते, आणि पाहुणे आले की तोच तो एक प्रश्न ऐकते. एक पक्षी गेला तर आमचं काय बिघडतं, बाई?

पूर्वी मला राग यायचा. आता मी त्यांना खुर्ची देते, पाणी देते आणि सांगते. माळढोक उभा राहिला की तुमच्या छातीला लागतो. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, चाल अशी की गावचा पाटील पीक बघायला निघालाय. मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याला जगायला मैलच्या मैल गवत लागतं, म्हणून आपण ते राखतो. मग त्या राखलेल्या गवतात लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल असे सगळे भाडं न देता राहतात. गवत पाऊस धरून ठेवतं, तुमच्या विहिरीला पाणी येतं. माळढोक गेला की माळ राखायला कारणच उरत नाही. तो पडीक म्हणून कागदावर चढतो आणि संपतो. एवढं ऐकून पाहुणे पाणी पितात आणि मोबाइल काढतात. चालायचंच.

आधी बंदुकांनी मारलं, मग शेतीनं जागा खाल्ली, मग विजेच्या तारांनी मारलं. माळढोकाचे डोळे बाजूला असतात, उडताना समोरची तार दिसत नाही. कोर्टकचेऱ्या होऊन शेवटी तारा जमिनीखाली गेल्या. पण तारा पुरता आल्या, कुत्री कुठं पुरणार? हायवेच्या ढाब्यांमागं कोंबडीची आतडी खाऊन माजलेली कुत्र्यांची टोळकी माळावर फिरायला लागली. चार वर्षांपूर्वी आमच्या माळावरची शेवटची रानातली मादी गेली. आता जे पक्षी आहेत ते केंद्राच्या कुंपणात, माणसाच्या हाताखाली वाढलेले.

आम्ही मागच्या दोन वर्षांत अकरा पिल्लं मोठी करून माळावर सोडली. अकराच्या अकरा गेली. कुत्रं दिसलं की रानातलं पिल्लू जमिनीला चिकटून बसतं, मातीचं ढेकूळ होतं. आमची पिल्लं उभी राहून बघत बसायची, पाहुणे आल्यासारखी. भ्यायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यातून ही शाळा निघाली. आईच्या पोटातल्या लेकराला ऐकू येतं हे आपल्याकडं कीर्तनात सांगत आलेत. पाखरांचं तर शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. अंडं फुटायच्या आधीचे पाच-सहा दिवस पिल्लाचे कान चालू असतात. आईनं धोक्याचा आवाज काढला की आतल्या पिल्लाच्या काळजाचे ठोके एकदम मंदावतात. हलू नको, हे शरीराला तिथंच कळतं, आणि बाहेर आल्यावर ते विसरत नाही. आमच्या यंत्रात प्रत्येक अंड्याला एक वाटी, वाटीच्या तळाशी बारीक स्पीकर, आणि कवचातून जाणारा लाल प्रकाश आतल्या रक्ताची लय वाचतो. पडद्यावर आकडा दिसतो. एरवी दोनशे तीसच्या आसपास. आवाजासरशी तो घसरला तर समजायचं, धडा पोचला.

यंत्र होतं, वाट्या होत्या, प्रकाश होता. फक्त धडा नव्हता.

"जगात कुणाकडंच नाही, कौतिका," आमच्या प्रमुख डॉक्टर रझिया मुजावर एका सकाळी चहा पिताना म्हणाल्या. "नराचं घुमणं पोत्यानं आहे. आई पिल्लाशी काय बोलते ते कुणी टिपलंच नाही. इतकं हळू बोलते की दहा पावलांवर ऐकू येत नाही. आणि आपल्या माद्यांना ते येत नाही, त्यांना तरी आई कुठं होती?"

"दहा पावलांच्या आत जाणाऱ्यांनी ऐकलंय," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

"कोण जायचं दहा पावलांच्या आत?"

आता मागं फिरणं नव्हतं. "फासेपारधी, मॅडम. माझा बा."

पवार हे आडनाव मोठं सोयीचं आहे. बारा वर्षं लोकांनी आपापल्या सोयीनं अर्थ लावला आणि मी कुणाला दुरुस्त केलं नाही. ज्या पक्ष्याला वाचवायचा मी पगार घेते तोच पक्षी माझ्या आज्यानं फाशात धरला, हे कोणत्या तोंडानं सांगणार? शिवाय पारधी म्हटलं की लोक आधी आपली पिशवी जवळ ओढतात. ते मी लहानपणापासून बघितलंय.

मॅडमनी उरलेला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवला. "मग वडलांना घेऊन ये ना. बसलीस काय?"

त्या बशीचे उपकार मी विसरणार नाही.

बाचं घर गावाच्या टोकाला. एक खोली, पुढं पत्रा, पत्र्याखाली हरणी. हरणी म्हणजे गाय. फासेपारध्याच्या घरी शिकवलेला बैल नाहीतर गाय असायचीच, दुधासाठी नाही, आडोशाला. माळावरचं पाखरू माणसाला बघून उडतं, पण चरणाऱ्या गुराला भीत नाही. गाय चरत चरत पुढं सरकते आणि तिच्या पोटाआड वाकून पारधी सरकतो. असं करत दहा पावलांवर, मग पाच. पुढं घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे मांडलेले. बानं शिकार सोडली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण गायीशिवाय तो राहिला नाही. अजूनही चालायला लागला की तिच्या पोटाआड चालतो. एकोणऐंशी वर्षांचा झालाय.

"बा, पिल्लाला बसवायचा आवाज दे," मी म्हणाले. घरी आम्ही आमच्या भाषेत बोलतो. सगळ्यांना कळावं म्हणून मी मराठीत सांगते.

कडबा तोडणारा विळा थांबला. "त्या आवाजाचं कुणी सांगितलं तुला?"

"आजीनं."

"मग आण बी सांगितली आसंल."

"नाही."

"आईच्या आवाजानं लेकराला फसवायचं न्हाई. देवीम्होरं घेतलीया, तुझ्या आजीनंच घ्याया लावली. सत्तर वर्सं झाली. तवापासून त्यो आवाज ह्या नरड्यातनं निघाला न्हाई." विळा परत चालू झाला. "जा तू. भाकरी खाऊन जा."

मी भाकरी खाल्ली आणि गेले नाही. हट्टीपणा आमच्या घरात वाटून घेतलेला आहे. मी त्याला अकरा पिल्लांचं सांगितलं, एकेकाचं. हेही सांगितलं की यंदा नऊ अंडी आहेत आणि ही शेवटची संधी आहे. ही पिल्लं जगली नाहीत तर केंद्र बंद होणार, उरलेले पक्षी राजस्थानात जाणार आणि माळ सौरपट्ट्यांना दिला जाणार. मग माळढोक हा शब्द आपल्याकडं फक्त पोरांच्या पुस्तकात.

"फसवायचं नाही, बा. शिकवायचंय. तुझा आवाज ऐकून ती बसतील आणि कुत्रं निघून जाईल."

त्यानं तोडलेला कडबा हरणीपुढं टाकला. मग म्हणाला, "अंड्यात ऐकू येतं म्हंतीस?"

"येतं."

"काय की बाबा," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या फाटकाशी हजर. बरोबर हरणी. तिला एकटीला करमत नाही म्हणे.

मॅडमनी गायीला फाटकाच्या आत घ्यायची परवानगी दिली. तेवढ्यावर बा त्यांच्यावर खूश झाला. अंगणात माइकसमोर उकिडवा बसला, डोळे मिटले आणि एक हात हरणीच्या पायावर ठेवला. मग त्याच्या गळ्याच्या तळातून आवाज आला. गुक्. गुक्. रांजणात खोल पाणी हलावं तसा. थोडं थांबून दुसरा, हलका, कंप सुटलेला, पिर्रर. पहिला बसवायचा, दुसरा उठून आईकडं यायचा.

नवापैकी चार अंडी शाळेच्या वयाची होती. पाच उशिराची, जेमतेम चार दिवसांची, त्यांना अजून कानच फुटले नव्हते. टिपलेला आवाज आम्ही चार वाट्यांत सोडला. दोनशे तीसवरून दोनशे दहा, मग एकशे सत्तर, मग एकशे पन्नास. चारही आकडे खाली आले. मॅडम चक्क फरशीवर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू?" त्या म्हणाल्या.

"च्या पाजा," बा म्हणाला.

रोज चाळीस वेळा धडा वाजला. पाचव्या दिवशी अंडी फुटली. मी पेढे आणले. बा रोज यायचा आणि जाळीबाहेर हरणीच्या आड बसून पिल्लं बघायचा. इतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता. पारधी आहे हे कळल्यावरही केंद्रात सगळे त्याला रामराम घालत होते, त्याचं मला आतून फार बरं वाटत होतं. बारा वर्षं उगाच लपवलं, असं वाटलं.

पिल्लं बारा दिवसांची झाली तेव्हा परीक्षा ठेवली. राखणदाराचा कुत्रा मोत्या साखळीला बांधून जाळीच्या पलीकडं आणला. जाळीच्या आत चार पिल्लं. बा मोत्याच्या शेजारी उभा. मोत्या पुढं झाला आणि बानं आवाज दिला, गुक्, गुक्. चारही पिल्लं जागच्या जागी खाली. मान जमिनीला टेकलेली. मला माहीत होतं म्हणून दिसत होती, नाहीतर माती. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत आले आणि पिल्लं उठली. मोत्या तिथंच होता. बानं दुसरा आवाज दिलेलाच नव्हता, तरी चौघं उठली आणि सरळ बाच्या दिशेनं चालत आली. एक तर जाळीला इतकं भिडलं की मोत्याचं ओलं नाक त्याच्या चोचीला लागलं. राखणदारानं साखळी ओढली.

बा खाली बघत होता.

"शिकवलंय तसंच केलं त्यांनी," तो म्हणाला. हरणीचं दावं धरलं आणि निघून गेला.

मी दुपारी गेले तेव्हा तो पत्र्याखाली बसला होता. पाणीही प्यायला नव्हता. मी त्याच्यापुढं तांब्या ठेवला आणि बसले. आमच्याकडं माणूस गप्प असला की त्याला खोदायचं नसतं, शेजारी बसायचं असतं. बऱ्याच वेळानं त्यानं सांगायला घेतलं.

"बाहत्तरचा दुष्काळ. म्या आठ वर्सांचा. खडी फोडाया बी आमाला कुणी घेत न्हवतं, चोर म्हनून. घरात सात मान्सं. तीन दिस पानी पिऊन व्हतो. माझा बा मला घिऊन माळावर ग्येला, बैलाआड. एक माळढोकीन व्हती, एक पिल्लू. दोन दिस आमी तिला नुसतं बघितलं. मधी एक लांडगा आला. तिनं बसवलं पिल्लाला आन गप झाली. लांडगा ग्येला, टेकडीआड ग्येला, तरी गप. माझी मांडी आखडली, पर ती गप. लई येळानं पिर्रर म्हन्ली, तवा पिल्लू उठलं."

"मग?"

"तिसऱ्या दिशी माझ्या बानं बैलाआडनं तिचाच आवाज काढला. गुक्, गुक्, आन लगीच पिर्रर. पारधी थांबत न्हाई पोरी, पोटात आग आसती. पिल्लू उठून आमच्याकडं आलं. त्याच्या मागं आई धावली, फाशात पडली. फाशात पडल्यावर तिनं एकदाच आवाज दिला. बसवायचा. पिल्लू बसलं."

हरणीनं शेपटी हलवली. बानं तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"आमी सात जनं चार दिस जेवलो. कुनी मेलं न्हाई. संध्याकाळी म्या परत तिकडं ग्येलो, तर पिल्लू तितंच. तसंच बसल्यालं. उठ म्हनून सांगाया कुनी उरलंच न्हवतं. म्या आईला जाऊन सांगितलं. तुझी आजी, गुलछडी. ती म्हन्ली, आता बोलवू नगंस, बोलवून त्याला कुटं न्यायचं? तिनं त्या पाखराच्या पिसाम्होरं कपाळ टेकलं. मला देवीम्होरं उभं केलं. म्हन्ली, ह्या आईनं आपल्याला जगवलं, ध्यान ठेव. आईच्या आवाजानं लेकराला पुन्हा फसवायचं न्हाई." त्यानं डोळे पुसले. "आन परवा म्या तेच क्येलं. माझ्या बाचा आवाज दिला, आईचा न्हाई. दोगांत फरक येवडाच, आई थांबती. म्या थांबलो न्हाई. सवय ग. नरडं पारध्याचंच."

ज्या सात जणांना त्या पक्षिणीनं जगवलं त्यात बा होता, म्हणून मी होते. एवढी साधी बेरीज, आणि मी त्रेचाळीस वर्षांची होईपर्यंत मला कुणी मांडून दाखवली नव्हती. माझ्या पगारात नाही, माझ्या हाडात माळढोक होता.

"बा, पाच अंडी अजून आहेत," मी म्हणाले. "उद्या त्यांचे कान उघडतील."

"आन म्या पुन्हा चुकलो तर?"

"तू तिचं थांबणं ऐकलंयस. सबंध जगात ते ऐकलेला तू एकटा आहेस. आण पाळायची असेल तर आत्ताच पाळता येईल, घरी बसून नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुझी आजीबी अशीच तोंडाळ व्हती," तो म्हणाला आणि तांब्यातलं पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता बा वाट्यांसमोर बसला. टेप नको म्हणाला, मीच बसतो. हरणीला अंड्यांच्या खोलीत आणायला मॅडम तयार झाल्या नाहीत, म्हणून खिडकी उघडी ठेवून तिला बाहेर बांधली. बानं खिडकीतून हात काढून तिच्या पाठीवर ठेवला आणि आवाज दिला. गुक्. गुक्.

पाच आकडे खाली आले. एकशे साठ, एकशे पंचावन्न. आणि बा गप्प झाला.

एक मिनिट गेलं. पडद्यावर यंत्रानं विचारलं, आवाज नाही, धडा संपवायचा का? मी ‘नाही’वर बोट दाबलं. पाच मिनिटं गेली. यंत्रानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा ‘नाही’ दाबलं. त्या यंत्राला बिचाऱ्याला थांबणं माहीतच नव्हतं. जिथं आवाज नाही तिथं काही नाही, असं त्याला कुणीतरी शिकवलेलं. बाचे डोळे मिटलेले. ओठ हलत नव्हते. तो दुष्काळातला तो लांडगा टेकडीआड जाईपर्यंत बघत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. दर वेळी आकडे वर चढायला लागत आणि बाचा श्वास ऐकून पुन्हा खाली बसत.

"कौतिका, किती वेळ?" मॅडम कुजबुजल्या.

"लांडग्याला विचारा," मी म्हणाले.

बावीस मिनिटांनी तो म्हणाला, पिर्रर. पाच आकडे एकदम उड्या मारून दोनशे चाळीसला गेले. पोरं सुटीची घंटा ऐकून पळतात तसे. मॅडम हसल्या, मी हसले, बा मात्र पुढच्या धड्याला लागला. रोज आठ धडे, पाच दिवस. दर वेळी थांबणं वेगळं, कधी दहा मिनिटं, कधी चाळीस. मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाला, लांडगा काय घड्याळ लावून येतो? हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. पिल्लानं आकडा शिकायचा नव्हता, आईवर भरवसा ठेवायला शिकायचं होतं. अंडी फुटली तेव्हा बाचा आवाज बसला होता आणि तो हळद घातलेलं दूध पीत होता.

पहिली चार पिल्लं कुंपणातच राहिली. ती माळावर जाणार नाहीत, पण पुढं त्यांची अंडी शाळेत येतील. बा त्यांना येता-जाता हात जोडतो. माझ्यामुळं आत राहिलात, म्हणतो.

चार महिन्यांनी, माळ गुडघाभर सोनेरी झाला असताना, आम्ही पाच पिल्लं सोडली. पिल्लं कसली, कोंबड्याहून मोठी झालेली. पुढं हरणी चरत चालली, तिच्या पोटाआड वाकून बा, आणि त्याच्या मागं मॅडम आणि मी, वाकूनच. मॅडमची कंबर धरली होती, पण त्या ब्र काढत नव्हत्या. पाच पिल्लं गवतात टोळ टिपत लांब लांब जायला लागली.

आणि ढाब्याच्या बाजूनं तीन कुत्री आली. परीक्षेतली नव्हेत, खरी. साखळी नाही, राखणदार नाही. माझ्या हातात काठी होती आणि मी उठणार, एवढ्यात बानं हात आडवा केला. गुक्. गुक्.

पाच पिल्लं होती तिथं आता नुसतं गवत होतं. कुत्री नाकं खाली घालून आली. एक तर अशी जागा ओलांडून गेलं की तिथं पिल्लू आहे हे मी शपथेवर सांगू शकले असते. माझ्या छातीतला आकडा कुणी वाचला असता तर यंत्र फुटलं असतं. मी मनातल्या मनात मोजत होते. दहा आले, वीस आले, शंभर झाले, मग मी मोजणं सोडलं. एकही मान वर आली नाही.

कुत्री हुंगत हुंगत ओढ्याकडं उतरली, पलीकडं चढली आणि दिसेनाशी झाली. मॅडमनी सुस्कारा सोडला. मी बाच्याकडं बघितलं. तो आवाज देत नव्हता. हरणीच्या पोटाला गाल लावून समोर बघत होता. मी पिल्लं होती तिकडं बघितलं, पण तो तिकडं बघतच नव्हता. त्याच्या उजव्या हाताला, बोरीच्या झुडपापाशी, रिकाम्या गवताकडं बघत होता. ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्यानं थुंकी गिळली. पुन्हा ओठ हलले.

"घसा बसला का काकांचा?" मॅडमनी कानात विचारलं.

मी त्यांचा हात दाबला.

मग बा उभा राहिला. वाकून नाही, सरळ, गायीच्या पाठीवरून दिसेल असा. माळावर तो असा उभा राहिलेला मी कधीच पाहिला नव्हता. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पिर्रर असा आवाज दिला. लांब, खूप लांब, ओढ्यापर्यंत गेला असेल.

पाच माना वर आल्या. पिल्लांनी आमच्याकडं एकदा बघितलं आणि आपल्या वाटेनं टोळ टिपत पुढं निघाली. मॅडम रडत होत्या, हसत होत्या, फोनवर कुणाला तरी ओरडून पाच, पाच म्हणून सांगत होत्या. बा गुडघे टेकून खाली बसला आणि त्यानं कपाळ मातीला लावलं. आजीनं पिसापुढं टेकलं होतं तसंच असणार.

परत येताना मी हरणीचं दावं धरलं होतं आणि तो नेहमीसारखा तिच्या पोटाआड चालत होता.

"बा, कुत्री तर कधीच गेली होती," मी म्हणाले. "एवढा वेळ का थांबलास?"

"आजून एक व्हतं," तो म्हणाला. "लई वर्सांचं बसल्यालं. त्याला उठाया येळ लागला."